आर्सेनिक, तुसाचा कोळसा आणि मातीतले जिवाणू: खाचरातच भात निर्धोक करता येईल का?

नदियाकर (धागाकर्ता)

नोकरीनिमित्त मी पश्चिम बंगालच्या नदिया जिल्ह्यात राहतो आणि माझे काम मातीपरीक्षणाशी संबंधित आहे. ‘बायोचार आणि जिवाणू वापरा, विषमुक्त व पौष्टिक भात पिकवा’ अशा आशयाचा मजकूर अलीकडे मराठीतही वारंवार फिरताना दिसतो (बायोचार म्हणजे हवा कोंडून भाजलेला कोळसा). त्यात तथ्य आहे, परंतु ज्या सरसकटपणे ते सांगितले जाते तो सरसकटपणा मला खटकतो, कारण आर्सेनिक असलेल्या खाचरात अयोग्य कोळसा टाकल्यास दाण्यातले आर्सेनिक कमी होण्याऐवजी वाढूही शकते. या विषयाची नीट उलटतपासणी व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. १९८३ साली कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे अंगावर काळपट-पांढरे ठिपके उठलेले आणि तळहात-तळपायांची कातडी खडबडीत झालेले रुग्ण आले, आणि त्यांचा आजार कूपनलिकेच्या पाण्यातील आर्सेनिकमुळे झाल्याचे निष्पन्न झाले. पुढे मालदा, मुर्शिदाबाद, नदिया, उत्तर व दक्षिण चोवीस परगणा या पट्ट्यात आणि सीमेपलीकडे बांगलादेशात या प्रश्नाची व्याप्ती उघड होत गेली. हे आर्सेनिक कोणत्या कारखान्याने सोडलेले नाही. हिमालयातून गाळाबरोबर आलेले आर्सेनिक लोहाच्या कणांना चिकटून असते आणि जमिनीखाली प्राणवायू संपला की ते पाण्यात उतरते.

पिण्यासाठी आता बऱ्याच गावांत नळयोजना आल्या, पण शेताला पाणी त्याच उथळ कूपनलिकांचे आहे. पावसाळी आमन भाताला ते फारसे लागत नाही. उन्हाळी बोरो भात मात्र जवळजवळ सर्वस्वी त्यावर उभा असतो. लिटरला ०.१ मिलिग्रॅम आर्सेनिक असलेले पाणी हंगामभरात एकूण एक मीटर उंचीइतके दिले, तर एका हेक्टरवर एक किलो आर्सेनिक पडते. यातील बराचसा भाग मातीतच साठतो.

खाणाऱ्याच्या बाजूचा हिशेबही असाच आहे. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक आयोगाने २०१४ साली पांढऱ्या तांदळासाठी किलोमागे ०.२ मिलिग्रॅम अकार्बनी (कर्बाशी न जोडलेले, अधिक घातक) आर्सेनिक अशी मर्यादा ठरवली. दिवसाला ४०० ग्रॅम तांदूळ खाणाऱ्या माणसाच्या पोटात या मर्यादेत बसणाऱ्या तांदळातूनही ८० मायक्रोग्रॅम आर्सेनिक जाऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या लिटरला १० मायक्रोग्रॅम या मर्यादेतले दोन लिटर पाणी प्यायले तर २० मायक्रोग्रॅम जाते. म्हणजे पाणी सुधारले तरी ताटातल्या भाताचा प्रश्न शिल्लक राहतोच.

गव्हापेक्षा भातात आर्सेनिक अधिक का येते, याची दोन कारणे आहेत. खाचरात पाणी साचले की मातीतला प्राणवायू काही दिवसांत संपतो, जिवाणू श्वसनासाठी लोहाच्या ऑक्साइडांचा वापर करू लागतात, ते विरघळतात आणि त्यांना चिकटलेले आर्सेनिक ‘आर्सेनाइट’ या रूपात मोकळे होते. दुसरे कारण भाताच्या मुळात आहे. भात सिलिकाचा भोक्ता आहे आणि मातीतले सिलिसिक आम्ल शोषण्यासाठी त्याच्या मुळांत खास वाहक प्रथिने असतात. जपानमधील ओकायामा विद्यापीठातील जियान फेंग मा आणि सहकाऱ्यांनी ही प्रथिने शोधून काढली आणि आर्सेनाइटही त्याच दारांतून आत शिरते हे २००८ साली दाखवून दिले.

तुसाचा कोळसा आणि जिवाणू या दोन्ही उपायांचा उगम याच दोन कारणांत आहे. तुसात भरपूर सिलिका असल्यामुळे ती पुरवली की दारात स्पर्धा वाढते, आणि काही जिवाणू आर्सेनाइटचे पुन्हा आर्सेनेट करतात, जे लोहाला अधिक घट्ट चिकटते. कागदावर हे उत्तम आहे. शेतात मात्र कोळशाचे दुसरेही रूप दिसते: तो इलेक्ट्रॉनांची ने-आण करणारा मध्यस्थ बनतो, त्यामुळे लोह विरघळवणाऱ्या जिवाणूंचे काम सोपे होते, तो सामू (पीएच) वाढवतो आणि सोबत विद्राव्य कर्ब व स्फुरद आणतो. या तिन्ही गोष्टी आर्सेनिक मोकळे होण्यास मदत करतात. म्हणून केवळ कोळसा टाकून आर्सेनिक घटलेच असे गृहीत धरता येत नाही. लोहाचे क्षार मुरवलेला कोळसा याबाबतीत अधिक विश्वासार्ह ठरला आहे.

जाणकारांनी, विशेषतः सूक्ष्मजीवशास्त्रातल्या मंडळींनी, आणि प्रत्यक्ष भात लावणाऱ्यांनी लिहावे.

खाचरबांध

नदियाकर, धागा आवडला. माझे शेत दापोली तालुक्यात आहे, आमच्याकडे आर्सेनिकचा प्रश्न नाही, परंतु तुसाच्या कोळशाबद्दल वाचताना हे आपण आधीच ऐकले आहे असे वाटले. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भात लागवडीचे पहिले सूत्रच भाताच्या अवशेषांच्या फेरवापराचे आहे. रोपवाटिकेच्या गादीवाफ्यात दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो तुसाची काळी राख मिसळायची आणि खाचरात पेंढा गाडायचा, जेणेकरून सिलिका आणि पालाश परत मिळेल. दुसरे सूत्र गिरिपुष्पाच्या पाल्याचे, तिसरे नियंत्रित लावणीचे, आणि चौथे रोपांच्या चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपी ब्रिकेट (खताची गोळी) खोल खोचण्याचे. सावंतांनी ‘काळी’ राख म्हटले आहे, पांढरी नव्हे, आणि त्या वेळी आम्हाला या भेदाचे महत्त्व कोणी समजावले नव्हते.

कोकणातला राबही मला याच संदर्भात आठवतो. पालापाचोळा, शेण, कवळ यांचे थर रचून रोपवाटिकेची जागा भाजायची, ही पद्धत आमच्या आजोबांपर्यंत सर्रास होती. कृषी विद्यापीठाने रोपवाटिकेसाठी राबाशिवायच्या पद्धती सांगितल्या आणि लाकूडफाट्याची नासाडी पाहता ते योग्यच झाले. पण राब भाजलेल्या जागेवरची रोपे काळीभोर आणि चिवट होत असत, हेही तितकेच खरे. राबाची राख आणि बायोचार एकच का? आणि आमच्या जांभ्या जमिनीत, जिथे सामू साडेपाचच्या आसपास असतो, तिथे कोळशाचा फायदा अधिक होईल का?

नदियाकर

खाचरबांध, तुमचा प्रश्न मुद्द्याचा आहे. राबात हवा मोकळी मिळते, त्यामुळे बहुतांश कर्ब जळून जातो आणि मागे मुख्यतः राख राहते: पालाश, चुना, थोडे स्फुरद. माती भाजल्यामुळे तणांचे बी व काही रोगजंतू मरतात, हा वेगळा लाभ. बायोचार म्हणजे हवा कोंडून साधारण ३५० ते ६०० अंश सेल्सियसला भाजलेला कोळसा; त्यात कर्बाचा सांगाडा शिल्लक राहतो, त्याला असंख्य छिद्रे असतात आणि तो मातीत दीर्घकाळ टिकतो. सावंतांची काळी राख या दोहोंच्या मधली, पण कोळशाच्या बाजूला झुकलेली आहे. तुसाच्या बाबतीत काळ्या-पांढऱ्याचा भेद महत्त्वाचा आहे, कारण फार तापलेल्या पांढऱ्या राखेतील सिलिका स्फटिकरूप होते. ती मुळांना सहज मिळत नाही आणि तिची धूळ फुप्फुसांना घातक असते. कमी तापमानाच्या काळ्या कोळशातली सिलिका तुलनेने विद्राव्य असते.

आम्लधर्मी जांभ्या जमिनीत कोळशाने सामू थोडा वर येतो, ॲल्युमिनियमचा त्रास कमी होतो आणि पावसात वाहून जाणारे अन्नघटक काही प्रमाणात धरून ठेवले जातात. तुमच्याकडे लाभाची शक्यता बंगालच्या गाळाच्या जमिनीपेक्षा अधिक आहे, असे मी म्हणेन.

मात्र मात्रेचा हिशेब कोणी मांडत नाही, तो मांडू या. प्रयोगांत हेक्टरी १० टन कोळसा ही सामान्य मात्रा आहे. हेक्टरी पाच टन साळ पिकली तर तिच्या पाचव्या हिश्शाइतके, म्हणजे एक टन तूस निघते, आणि त्याचा कोळसा फार तर ३५० ते ४०० किलो होतो. स्वतःच्याच तुसावर १० टनांची मात्रा पुरी करायची तर एका पिकाच्या हिशेबाने पंचवीस वर्षे लागतील, आणि तेही गिरणीवाल्याने सगळे तूस परत दिले तर. आमच्याकडे उकड्या तांदळाच्या गिरण्या तेच तूस बॉयलरमध्ये जाळतात. त्यामुळे कोळसा साऱ्या खाचरात पसरण्यापेक्षा रोपवाटिकेत देण्याचा सावंतांचा मार्ग मला अधिक व्यवहार्य वाटतो. सिलिकासाठी कोळसाच हवा असेही नाही. डेलावेअर विद्यापीठातील अँजेलिया सेफर्थ यांच्या प्रयोगांत नुसते तूस मातीत मिसळल्याने दाण्यातील अकार्बनी आर्सेनिक २५ ते ५० टक्के घटले आणि उत्पादन घटले नाही.

पेंढ्याबाबत मात्र आर्सेनिकच्या पट्ट्यात सावध राहावे लागते. दाण्यापेक्षा पेंढ्यात आर्सेनिक कितीतरी पट असते आणि ओला पेंढा गाडला की तो कुजताना मातीतला प्राणवायू आणखी झपाट्याने संपवतो. चारसूत्रीतला पेंढ्याचा सल्ला तुमच्याकडे योग्य आहे, माझ्या शेजाऱ्याच्या बोरो खाचरात तो देण्यापूर्वी मी दहादा विचार करीन.

सूक्ष्मदर्शी

मी पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. जिवाणूंच्या बाजूने, आणि जिवाणूंच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बाटल्यांच्या थोडे विरोधात, लिहिते.

भाताचे रोप उपटून मुळे धुऊन पाहिली तर कोवळ्या मुळांची टोके पांढरी आणि वरचा भाग तांबूस-गंजट दिसतो. भाताच्या खोडात हवेच्या पोकळ्या असतात, त्यांतून प्राणवायू मुळांपर्यंत उतरतो, मुळाभोवती झिरपतो आणि तेथील विरघळलेले लोह मुळावरच गंजते. या कामात लोह-ऑक्सिडीकारक जिवाणूंचा वाटा असतो. हा गंजाचा लेप आर्सेनिक पकडून ठेवतो. मुळे काळी पडली असतील आणि चिखलाला सडक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर प्राणवायू पोहोचत नाही आणि सल्फाइड तयार होत आहे असे समजावे. खाचराच्या कडेला पाण्यावर कधी कधी इंद्रधनुषी तवंग दिसतो, त्याला लोक डिझेल सांडल्याचे समजतात. काडीने हलवल्यावर तवंग पापुद्र्यासारखा फुटला आणि तुकडे वेगळेच राहिले तर तो लोहाच्या जिवाणूंचा. तेलाचा असेल तर पुन्हा एकत्र येतो.

आर्सेनिकशी संबंध असलेले जिवाणू तीन प्रकारचे समजावेत. आर्सेनेटचे आर्सेनाइट करणारे, म्हणजे आपल्या दृष्टीने काम बिघडवणारे. आर्सेनाइटचे आर्सेनेट करणारे, म्हणजे उपयोगी. आणि आर्सेनिकला मिथिल (कर्ब-हायड्रोजनचा छोटा) गट जोडणारे. तिसऱ्या प्रकाराबद्दल बातम्यांमध्ये फार उत्साह असतो. त्यासाठी लागणारे जनुक कसे काम करते ते २००६ साली स्पष्ट झाले, आणि भाताच्या रोपाला स्वतःला ही क्रिया येत नाही, दाण्यातले मिथिलयुक्त आर्सेनिक मातीतल्या जिवाणूंनीच बनवलेले असते, हे २०१२ मध्ये दिसून आले. मिथिलयुक्त रूप माणसाला अकार्बनी रूपापेक्षा कमी घातक मानले जाते. परंतु तेच रूप रोपात अधिक प्रमाणात गेले की दाणे भरत नाहीत आणि निसवलेली लोंबी वजनाने वाकण्याऐवजी सरळ उभी राहते. या विकृतीला इंग्रजीत ‘स्ट्रेटहेड’ म्हणतात. म्हणजे जो जिवाणू खाणाऱ्याला सोयीचा, तो पिकवणाऱ्याला महागात पडू शकतो. हे लक्षात न घेता ‘मिथिलीकरण करणारे जिवाणू सोडा’ असा सल्ला देणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

जिवाणू खते निरुपयोगी आहेत असे मी मुळीच म्हणत नाही. ॲझोस्पिरिलम, स्फुरद विरघळवणारे जिवाणू, निळे-हिरवे शेवाळ यांचा भातातला उपयोग जुना आणि परीक्षित आहे. २००६ पासून जिवाणू खते खत नियंत्रण आदेशाखाली येतात आणि भुकटीच्या खतात ग्रॅममागे किमान पाच कोटी, द्रवरूप खतात मिलिलिटरमागे दहा कोटी जिवंत पेशी असणे बंधनकारक आहे. पाकिटावरची अंतिम तारीख पाहावी आणि ते दुकानात उन्हात ठेवलेले नाही याची खात्री करावी. लावणीच्या वेळी रोपांची मुळे द्रावणात बुडवणे ही साधी पद्धत पुरेशी आहे, कारण जिवाणू जिथे हवा तिथेच पोहोचतो. मातीत आधीपासून वस्तीला असलेल्या अब्जावधी जिवाणूंच्या गर्दीत बाहेरून सोडलेला जिवाणू टिकून राहणे कठीण असते, आणि कुंडीतले यश शेतात न उतरण्याचे ते एक मोठे कारण आहे.

इथे कोळशाशी सांधा जुळतो. जिवाणू खतांचा वाहक म्हणून लिग्नाइट आणि कोळशाची भुकटी पूर्वीपासून वापरली जाते, कारण त्याच्या छिद्रांत ओलावा टिकतो आणि पेशींना आसरा मिळतो. ताजा कोळसा मात्र बराच आम्लारीधर्मी असतो. तो शेणखतात किंवा गांडूळखतात मुरवून मगच जिवाणू मिसळावेत, हे अधिक बरे.

बोडीवाला

आमचा भाग गोंदियाचा. सीमेपलीकडे छत्तीसगडमधील अंबागड चौकी परिसरात, कौरीकसा गावाच्या बाजूला, भूजलात आर्सेनिक असल्याचे १९९९ च्या सुमारास पुढे आले होते, तेव्हापासून इकडेही अधूनमधून धास्तीची चर्चा होते. आमचा भात मालगुजारी तलावांच्या आणि बोड्यांच्या (लहान तळ्यांच्या) पाण्यावर होतो. आम्ही काळजी करावी का?

नदियाकर

तेथील आर्सेनिक कातळातले आहे, बंगालप्रमाणे नदीच्या गाळातले नाही, त्यामुळे ते काही ठरावीक ठिकाणीच आढळते. तलावात साठलेले पावसाचे पाणी आणि खोल कातळातून उपसलेले पाणी यांत महदंतर आहे. उन्हाळी धानासाठी नवी बोअर घेतली असेल तर तिचे पाणी एकदा आर्सेनिकसाठी तपासून घ्यावे. तलावावरच्या धानासाठी धास्ती बाळगण्याचे कारण मला दिसत नाही.

जिंझूकाठ

मी जपानमधील तोयामा येथे राहतो. या धाग्यात अद्याप कॅडमियम या घातक धातूचे नाव आलेले नाही, आणि ते आल्याशिवाय चर्चा पुरी होणार नाही.

येथील जिंझू नदीच्या खोऱ्यात कामिओका खाणीच्या सांडपाण्यातून कॅडमियम भातखाचरांत उतरले आणि ‘इताई-इताई’ या हाडे ठिसूळ करणाऱ्या व मूत्रपिंड निकामी करणाऱ्या आजाराने, प्रामुख्याने मध्यमवयीन व वृद्ध स्त्रियांना, ग्रासले. १९६८ साली जपान सरकारने त्याला प्रदूषणजन्य आजार म्हणून मान्यता दिली. प्रदूषित खाचरांची माती बदलण्याचे काम तीन दशकांहून अधिक काळ चालले आणि २०१२ साली पुरे झाले.

अडचण अशी की कॅडमियमचे वागणे आर्सेनिकच्या नेमके उलट आहे. खाचर पाण्याखाली असताना कॅडमियम सल्फाइडच्या रूपात अडकून पडते आणि खाचर वाळले की मोकळे होते. त्यामुळे येथे निसवण्याच्या (लोंबी बाहेर पडण्याच्या) आधी तीन आणि नंतर तीन आठवडे खाचरात पाणी राखण्याचा सल्ला दिला जातो, आणि याच काळातल्या पाण्याने आर्सेनिक वाढते. आर्सेनिक कमी करण्यासाठी पाणी आलटून-पालटून देण्याची, म्हणजे खाचर मधूनमधून वाळू देण्याची, पद्धत कॅडमियम असलेल्या जमिनीत डोळे झाकून लागू केली, तर एक संकट टाळून दुसरे ओढवून घेतल्यासारखे होईल. आयन किरणांनी घडवलेल्या उत्परिवर्तनातून ‘कोशिहिकारी कान क्रमांक १’ हा कॅडमियम जवळजवळ न शोषणारा वाण येथे तयार झाला. कॅडमियम मुळात शिरते ते मँगनीजच्या वाहकातून, आणि तोच या वाणात बिघडवलेला असल्यामुळे मँगनीजही कमी मिळते.

कोळशाची जमेची बाजू कॅडमियमच्या बाबतीत दिसते. सामू वाढला की कॅडमियम मातीला घट्ट धरून बसते, त्यामुळे आम्लधर्मी जमिनीत कोळसा आणि चुना दोन्ही उपयोगी पडतात. ‘बायोचारने भातातील जड धातू घटले’ असे सरसकट वाचायला मिळते, तेव्हा तो धातू कॅडमियम होता की आर्सेनिक, हे आधी पाहावे.

तुसाचा कोळसा येथे ‘कुन्तान’ या नावाने घरोघरी केला जात असे आणि रोपांच्या ट्रेमध्ये अजूनही वापरला जातो. कृती साधी आहे. जमिनीवर लहानसा विस्तव करून त्यावर छिद्रे असलेला पत्र्याचा शंकू धुराड्यासह उलटा ठेवतात आणि भोवती तुसाचा ढीग रचतात. ढीग आतून काळा होत बाहेर येतो. पृष्ठभागावर काळे डाग उमटू लागले की फावड्याने बाहेरचे पिवळे तूस आत ओढायचे. सारा ढीग काळा झाला की लगेच पातळ पसरून पाण्याने पूर्ण विझवायचा. इथे आळस केला की तासाभरात पांढरी राख होते, आणि अर्धवट विझलेला ढीग पोत्यात भरला तर पोते रात्री पेट घेते. धूर पुष्कळ होतो, त्यामुळे वस्तीजवळ हे करू नये.

पेजभात

चर्चा शेतापुरती आहे हे मान्य, पण शीर्षकात निर्धोक भात आहे म्हणून विचारते. स्वयंपाकघरात काय करावे? आणि हातसडीचा तांदूळ पौष्टिक म्हणून आम्ही मुद्दाम आणतो, तो अशा भागात योग्य आहे का?

नदियाकर

अकार्बनी आर्सेनिक कोंड्याच्या थरात अधिक असते, म्हणूनच कोडेक्सने पॉलिश न केलेल्या तांदळासाठी मर्यादा ०.३५ ठेवली आहे. आर्सेनिकग्रस्त भागातल्या बोरो तांदळाचा हातसडी प्रकार मी लहान मुलांना देणार नाही. कोकणातल्या किंवा मावळातल्या पावसावरच्या भाताला हा आक्षेप लावण्याचे कारण नाही, आणि तिथली पेजही निःशंकपणे प्यावी.

जिथे शंका आहे तिथे भात भरपूर पाण्यात शिजवून पाणी काढून टाकावे. शेफील्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी तांदूळ आधी उकळत्या पाण्यात पाच मिनिटे ठेवून ते पाणी फेकायचे आणि नव्या पाण्यात मंद आचेवर शिजवायचे, अशी पद्धत तपासली. तिने पांढऱ्या तांदळातील अकार्बनी आर्सेनिक ७३ टक्के आणि तपकिरी तांदळातील ५४ टक्के घटल्याचे आढळले. यात एक अट आहे: स्वयंपाकाचे पाणी स्वच्छ हवे. बंगालमध्ये साळ उकडण्यासाठीही कूपनलिकेचेच पाणी वापरले जाते, त्यामुळे उकड्या तांदळात गिरणीतूनच भर पडते.

खाचरबांध

पौष्टिकपणाबद्दल कोणी लिहिले नाही. कोळसा आणि जिवाणूंनी जस्त-लोह वाढते असा दावा असतो, तो कितपत खरा?

सूक्ष्मदर्शी

खाचरबांध, जस्ताचे उदाहरण घेऊ या, कारण भातात त्याची कमतरता जुनी आहे. हिमालयाच्या पायथ्याच्या तराई भागात भाताची पाने गंजल्यासारखी होऊन रोप खुजे राहण्याचा ‘खैरा’ रोग जस्ताच्या अभावाने होतो, हे पंतनगर येथे डॉ. य. ल. नेने यांनी १९६६ साली दाखवले. पाणी साचलेल्या खाचरात जस्त दुर्मीळ होते. काही जिवाणू सेंद्रिय आम्ले सोडून अविद्राव्य जस्त विरघळवतात, इतके खरे आहे. परंतु कोळशाने सामू वाढला की जस्त पुन्हा बांधले जाते, कारण रसायनशास्त्राच्या दृष्टीने जस्त आणि कॅडमियम एकाच कुळातले आहेत. एकाला अडवणारी गोष्ट दुसऱ्यालाही थोडीफार अडवते. चुनखडीयुक्त, आधीच आम्लारी असलेल्या जमिनीत कोळसा टाकून जस्त वाढण्याची अपेक्षा ठेवू नये. दाण्यातले जस्त खात्रीने वाढवायचे असेल तर वाणाची निवड अधिक परिणामकारक आहे. हैदराबादच्या भारतीय भात संशोधन संस्थेचा ‘डीआरआर धान ४५’ हा २०१६ साली प्रसारित झालेला वाण पॉलिश केलेल्या तांदळात २२.६ पीपीएम (किलोमागे मिलिग्रॅम) जस्त देतो. नेहमीच्या वाणांत ते साधारण १२ ते १६ असते. माती-परीक्षणात जस्त कमी आले असेल तर झिंक सल्फेट द्यावे. ते जुने आणि नीरस उत्तर आहे, पण लागू पडते.

नदियाकर

सूक्ष्मदर्शी यांच्याशी सहमत आहे. आर्सेनिकच्या बाबतीतही वाण आहे: चुंचुडा येथील भात संशोधन केंद्र आणि लखनौची राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था यांनी मिळून ‘मुक्तश्री’ हा दाण्यात कमी आर्सेनिक घेणारा वाण तयार केला आहे.

माझ्या भागातल्या शेतकऱ्याने विचारले तर मी पाण्यापासून सुरुवात करीन. शक्य असेल तेथे बोरोऐवजी डाळ, मोहरी किंवा भाजी. भातच घ्यायचा असेल तर तळ्याचे किंवा नदीचे पाणी. तेही नसेल तर पाणी आलटून-पालटून द्यायचे. त्यासाठी खाचरात छिद्रे पाडलेली नळी रोवतात. नळीतली पातळी जमिनीखाली १५ सेंटिमीटरपर्यंत उतरली की पुन्हा पाच सेंटिमीटर पाणी भरायचे, आणि फुलोऱ्याच्या आठवड्यात मात्र पाणी आटू द्यायचे नाही. यातून आर्सेनिक घटते, डिझेल वाचते आणि मिथेनही कमी निघतो. हे झाल्यावर रोपवाटिकेत शेणखतात मुरवलेला तुसाचा कोळसा आणि लावणीला मुळे जिवाणू खतात बुडवणे, या क्रमाने. क्रम उलटा केला, म्हणजे कूपनलिका दिवसरात्र चालू ठेवून कोळशावर भिस्त ठेवली, तर पैसे जातील आणि आर्सेनिक राहील.

बोडीवाला

तपासणी कुठे आणि काय सांगून करायची तेवढे सांगा. आमच्या तालुक्याच्या माती प्रयोगशाळेत नत्र-स्फुरद-पालाश आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांपलीकडे काही होत नाही.

सूक्ष्मदर्शी

पाण्यासाठी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत चौकशी करावी. बोअर काही मिनिटे चालू ठेवून मग नमुना घ्यावा, बाटली काठोकाठ भरावी आणि आम्ल घालून द्यायची का, हे त्यांनाच आधी विचारावे, कारण लोह खाली बसले की आर्सेनिकही त्याबरोबर खाली बसते आणि आकडा फसवा येतो. तांदळासाठी अन्नपदार्थ तपासणारी मान्यताप्राप्त प्रयोगशाळा लागेल. तेथे ‘एकूण आर्सेनिक’ हवे की ‘अकार्बनी आर्सेनिक’ हे अर्जात स्पष्ट लिहावे. दुसरी तपासणी महाग असते आणि न मागता कोणी करत नाही. आधी एकूण आर्सेनिक पाहावे. ते किलोमागे ०.२ मिलिग्रॅमच्या आत असेल तर अकार्बनी भाग त्याहून जास्त असूच शकत नाही, आणि दुसऱ्या तपासणीचा खर्च वाचतो. त्याच नमुन्यात कॅडमियम आणि जस्तही मोजून घ्यावे, कारण पुढच्या हंगामात कोळसा वापरलात तर तुलनेला आधीचे आकडे हाताशी लागतील.